बर्फावरचे पाऊल

बर्फावर पाय सटकतो तो बहुतेक वेळा टाचेपासून. चालताना पुढे टाकलेल्या पायाची टाच आधी टेकते आणि अंगाचा भार मागच्या पायावरून तिच्यावर येऊ लागतो. त्या वेळी टाच जमिनीला पुढे रेटत असते आणि जमीन तिला धरून ठेवत असते. सपाट रस्त्यावर साध्या चालीने जायला ही पकड फारशी लागत नाही, घर्षणांक ०.२ च्या आसपास असला तरी भागते. कोरड्या काँक्रीटवर रबरी तळव्याला त्याच्या तिप्पट सहज मिळतो, त्यामुळे रस्ता पायाला धरून ठेवतो आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. शून्य अंशाजवळच्या, वरून ओलसर झालेल्या बर्फावर मात्र तोच आकडा ०.१ च्याही खाली जातो. टाच टेकते, पण थांबत नाही.

तशी ती कोरड्या फरशीवरही किंचित सरकतेच. सेंटिमीटरभर सरकली तर चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. शरीर ते परस्पर निभावून नेते. दोन-तीन सेंटिमीटर सरकली की पोटात धस्स होते आणि बहुधा सावरता येते. दहा सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावरायला वेळच उरत नाही. पाय पुढे निघून जातो, कंबर मागे राहते, दोन्ही हात आपोआप वर उडतात, हातातली भाजीची पिशवी बाजूला फेकली जाते, आणि सेकंदभरात डोळ्यांसमोर आकाश येते. पडणाऱ्याला यातले सलग काहीच आठवत नाही. आधीचे चालणे आठवते आणि नंतरचा पाठीखालचा गार रस्ता. मधला भाग कोणीतरी कापून काढल्यासारखा असतो.

अशा माणसासाठी मराठीत शब्द तयार असतात: धांदरट, वेंधळा, अजागळ. ‘जरा बघून चालावं’ हे वाक्य मदतीच्या हाताआधी येऊन पोचते. ‘पाय घसरणे’ तर नीती-अनीतीच्या भाषेत कायमचे जाऊन बसले आहे. युरोपातही हे नाते जुने आहे. थोरल्या पीटर ब्रॉयगलने १५५८ च्या सुमारास अँटवर्पच्या सेंट जॉर्ज वेशीबाहेर गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करणाऱ्यांचे चित्र काढले. कोणी बसून पायाला स्केट बांधतो आहे, कोणी तोल सांभाळतो आहे, कोणी आडवा झाला आहे, आणि काठावरून लोक बघत आहेत. त्या चित्राच्या छापाला पुढच्या एका आवृत्तीत लॅटिन, फ्रेंच आणि डच भाषांत मथळा मिळाला, मानवी जीवनाच्या निसरडेपणाचा. पाणी गोठले होते म्हणून जो पडला, तो अशा रीतीने माणसाच्या दुबळेपणाचा दाखला होऊन बसला.

हा ठपका खरे तर त्याच्यावर बसत नाही. प्रत्येक पावलामागे पुढच्या जमिनीचा एक अंदाज असतो, आणि पाऊल किती लांब टाकायचे, टाच किती उभी टेकवायची हे त्या अंदाजावर ठरते. चालीचा अभ्यास करणाऱ्यांना प्रयोगशाळेत हे वारंवार दिसले आहे: फरशी निसरडी असेल एवढी नुसती शंका आली तरी माणूस आपोआप पाऊल आखूड करतो, तळवा सपाट टेकवतो, आणि त्याला लागणारी पकड कमी होते. तोच माणूस, तीच फरशी. पण शंका आली नसेल तर पडतो. चूक पायाकडून होत नाही, अंदाज चुकलेला असतो. आणि तो अंदाज त्याने जन्मभर ज्या जमिनीवर पाऊल टाकले त्या जमिनीने घडवलेला असतो.

बर्फ निसरडा का, या साध्या प्रश्नाने विज्ञानाला दीडशे वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे. मायकेल फॅरेडेने १८५० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवले की वितळायला आलेले बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पदर असावा, असा त्याचा कयास होता. त्याच सुमारास जेम्स आणि विल्यम थॉमसन या भावांनी दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू खाली उतरतो हे मांडले आणि सिद्ध केले. १८८६ मध्ये डब्लिनच्या जॉन जोलीने त्यावरून स्केटिंगचा उलगडा केला: पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाते पाण्यावर तरंगत जाते. हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत शिरले आणि तिथून निघता निघेना. पण हिशेब जुळत नाही. वितळणबिंदू एका अंशाने उतरवायला सव्वाशेहून अधिक वातावरणांचा दाब लागतो, आणि सपाट तळव्याच्या बुटातल्या माणसाचा दाब त्याच्या शतांशाएवढाही नसतो. तरीही उणे दहा अंशांत बूट घातलेला माणूस आपटतोच.

केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोख इथे प्रयोग करून घासण्याच्या उष्णतेकडे बोट दाखवले. घसरायला लागलेल्या पायाचे पुढे काय होते ते यातून कळते. मुळात तो घसरायला लागतो कसा, हे उरतेच. अलीकडच्या कामाने लक्ष पुन्हा फॅरेडेच्या पदराकडे वळवले. बर्फाच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेले असते. अगदी वरच्या रेणूंना वरून कोणी धरत नाही, त्यामुळे ते सैल असतात आणि पायाखाली गोट्यांसारखे गडगडतात. ॲमस्टरडॅम आणि माइन्झ इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजले तेव्हा घर्षण सर्वांत कमी भरले ते उणे सात अंशांच्या आसपास. त्याहून गार होत गेले की रेणू जखडले जातात आणि बर्फ खरखरीत होत जातो. ध्रुवप्रवासी स्कॉटच्या मोहिमेतले तिघे जण १९११ च्या ऐन हिवाळ्यात अंटार्क्टिकावर केप क्रोझियरकडे निघाले, तेव्हा त्या भयंकर थंडीत त्यांच्या घसरगाड्या वाळूत रुतल्यासारख्या जड चालत होत्या. धोका कडाक्याच्या थंडीत सर्वाधिक असतो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. पारा शून्याच्या अल्याड-पल्याड रेंगाळतो ते दिवस वाईट.

पायाखालच्या बर्फाच्या जातीही अनेक. नुकताच भुरभुरलेला हिमाचा थर बुटाखाली दबतो, कुरकुरतो आणि पायाला धरतो. त्यावर घाबरण्यासारखे फारसे नाही. हजारो पावलांनी तुडवून घट्ट झालेला थर जरा अवघड. दिवसा उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेला त्याहून वाईट, कारण पन्हळीखाली, फुटपाथच्या उतारावर, गाड्यांच्या चाकोऱ्यांत जिथे जिथे पाणी साचते तिथे तिथे तो सकाळी काचेसारखा तयार असतो. डांबरी रस्त्यावरचा पातळ पारदर्शक थर मुळात दिसतच नाही; दिसते ते त्याखालचे काळे डांबर, जरा ओले वाटणारे. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. गोठणारा पाऊस हा आणखी निराळा प्रकार: थेंब पाण्याचेच पडतात, पण शून्याखाली गेलेले असल्याने टेकताक्षणी बर्फ होतात. जानेवारी १९९८ मध्ये माँट्रियल आणि आसपासच्या मुलखात असा पाऊस काही दिवस पडत राहिला. झाडे, तारा, विजेचे मनोरे त्या ओझ्याखाली कोसळले आणि लाखो घरे अंधारात बुडाली. पण दगाबाजीत पहिला नंबर लागतो तो जुन्या गुळगुळीत बर्फावर पडलेल्या बोटभर ताज्या हिमाचा. वरचे मऊ हिम पाहून पाय निर्धास्त पडतो.

मराठीत या साऱ्यांसाठी ‘बर्फ’ हा एकच शब्द वापरात आहे. ‘हिम’ पुस्तकात राहिला. दुसऱ्या शब्दाची गरज इथे कधी पडलीच नाही. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याकडे दव गोठते, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरी साय धरते. सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबकडेही अशा सकाळी येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘हिमकण’ छापून येतात. लोक ते कौतुकाने तळहातावर घेतात आणि ऊन चढले की सारे संपते.

महाराष्ट्रातले घसरणे पावसाळ्याचे. कोकणात जांभ्याच्या पाखाडीवर श्रावणात शेवाळाची जी गुळगुळीत कातडी चढते, तिच्यावरून डोक्यावर हंडा घेऊन उतरणारी बाई चालण्याच्या कलेत कोणाहून कमी नसते. पायाची बोटे ती रोवते, पाऊल जरा आडवे टाकते, हिरवे टाळून दगडाच्या कडेकडेने उतरते. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनाही ओल्या कातळाची पारख असते. पण ही विद्या उघड्या पायाची आणि डोळ्यांची आहे. शेवाळ हिरवे दिसते, बोटांना बुळबुळ कळते. जाड मोज्यांत आणि बुटात बंद झालेल्या पायाला काहीच कळत नाही, आणि बर्फ तर दिसतही नाही.

टोरोंटोला किंवा शिकागोला नोकरी-शिक्षणासाठी गेलेला मराठी माणूस पहिल्या हिवाळ्यात पडतो तो यामुळे. पुण्या-मुंबईहून नेलेल्या बुटांचा तळवा थंडीत आणखी कडक होतो आणि त्याची पकड जाते, हे त्याला तिथे जाऊन कळते. शिवाय चाल घाईची, लोकल किंवा बस पकडायची, टाच ठासून लांब पाऊल टाकायची. हात खिशात, कारण बोटे गारठलेली; आणि खिशातले हात तोल सावरायच्या कामाचे नाहीत. पडल्यावर पहिली नजर जाते ती जखमेकडे नव्हे, कोणी पाहिले का इकडे. कपडे झटकत तो लगेच उठतो, लागलेले नाही असे दाखवत चालू लागतो आणि घरी गेल्यावर मनगट सुजलेले दिसते. फोनवर आईला तो हे बहुधा सांगत नाही. या लाजेचे खरोखर वाईट वाटते. दुखणाऱ्या अंगाने ती लपवण्यासाठी झटपट उठणे हे दुखण्यात भर घालते. आडवे झाल्यावर क्षणभर तसेच पडून हातपाय हलतात का पाहणे, मग कुशीवर वळून गुडघ्यांवर येणे हा शहाणपणा आहे.

मनगट सुजते याला कारण आहे. पडताना हात पुढे करणे ही माणसाची उपजत खोड आहे आणि साऱ्या अंगाचा आघात पसरलेला तळहात झेलतो. मनगटाजवळच्या हाडाच्या या मोडीला डॉक्टर आजही कोलीजचे नाव देतात. अब्राहम कोलीज हे डब्लिनचे शल्यचिकित्सक. त्यांनी तिचे वर्णन १८१४ मध्ये लिहिले, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी, केवळ बोटांनी चाचपून. मोडलेले मनगट बाजूने पाहिले तर जेवणाच्या काट्यासारखे वाकलेले दिसते. मागे पडणाऱ्याचे माकडहाड दुखावते, वयस्करांचा खुबा मोडतो, आणि डोके आपटले तर प्रसंग जिवावरही बेततो. आहारतज्ज्ञ म्हणून जगभर नाव झालेले डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स ७२ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर असेच घसरले, डोक्याला मार बसला आणि नवव्या दिवशी गेले. तो महिना होता २००३ चा एप्रिल. हिवाळा संपला असे सगळ्यांनी धरून चाललेले असते, तेव्हाही रस्त्याच्या सावलीच्या बाजूला बर्फ उरलेला असू शकतो.

बर्फावर चालणे शिकता येते आणि शिकावेच लागते. लडाखमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदी गोठते आणि तिच्यावर जी वाट तयार होते तिला चादर म्हणतात. रस्ते बंद झाले की झंस्कारी लोक याच वाटेने लोणी घेऊन लेहला जात आले. आता महाराष्ट्रातूनही अनेक जण हौसेने ती वाट चालायला जातात आणि पहिल्याच दिवशी त्यांना नवे चालणे शिकवले जाते. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, पाऊल फुटाफुटाचे, तळवा एकदम सपाट, गुडघे सैल, अंग किंचित पुढे, म्हणजे भार पुढच्या पायावर सरळ उभा राहतो. पेंग्विन चालतो तसे, असे सांगतात, आणि कॅनडापासून जर्मनीपर्यंत हिवाळ्यातल्या सूचनांत हाच पक्षी भेटतो. वाटाड्या काठीने पुढचा बर्फ ठोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज आला तर पाऊल, पोकळ आला तर थांबायचे. त्याच्या पायात साधे रबरी गमबूट असतात. महागाचे गिर्यारोहणाचे बूट घातलेला शहरी माणूस त्याच्या मागे दोनदा पडतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासारखा चालू लागतो.

जपानच्या साप्पोरो शहराची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे एका चांगल्या कामाने लोकांना घसरायला लावले. हे एकोणीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर, आणि वर्षाकाठी तिथे पाच मीटरच्या जवळपास हिम पडते. पूर्वी गाड्यांच्या टायरांना लोखंडी काटे असत. ते बर्फात रुतत, पण बर्फ नसेल तिथे डांबर खरवडत, आणि त्या काळ्या धुळीने वसंतात शहराचा श्वास कोंडे. १९९० मध्ये कायदा झाला, काट्यांचे टायर गेले, हवा निवळली. पण काट्यांनी ओरखडल्यामुळे जो बर्फ खडबडीत राहत होता, तो आता मऊ टायरांखाली घासून आरशासारखा होऊ लागला. गाड्या थांबतात आणि निघतात ती जागा सिग्नलची, म्हणजे नेमकी पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायची. लोक तिथे पडू लागले. दर हिवाळ्यात आजही तिथे शेकडो जणांना रुग्णवाहिकेतून न्यावे लागते. या रस्त्यांना तिथे ‘त्सुरु-त्सुरु’ म्हणतात. मराठीतल्या गुळगुळीत, बुळबुळीतसारखाच तो दुहेरी नादाचा शब्द.

शहराने चौकाचौकांत पेट्या ठेवल्या. पेटीत बारीक खडीच्या पिशव्या असतात आणि त्या टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. सकाळी सिग्नलपाशी थांबलेली एखादी आजी पेटी उघडते, पिशवी काढते, तोंड फाडते आणि आपल्यापुढच्या दोन-तीन पावलांवर खडी भुरभुरते, रांगोळी घालावी तशी, हात कमरेच्या उंचीवरून फिरवत. सिग्नल हिरवा होतो. ती ज्या खडीवरून पलीकडे जाते तीच मागच्या पन्नास जणांच्या कामी येते. घसरण्यावर जगभर जे काही उपाय निघाले त्यांत ही पेटी सर्वांत मोलाची वाटते. ती पडणाऱ्याला बजावत बसत नाही, सरळ जमीन बदलते.

बाकीचे उपायही जमीन किंवा तळवा यांपैकी एक बदलण्याचेच आहेत. मीठ टाकले की पाण्याचा गोठणबिंदू उतरतो. कागदावर उणे २१ अंशांपर्यंत, रस्त्यावर मात्र उणे नऊ-दहाच्या खाली त्याचा जोर ओसरतो. शिवाय ते झाडांच्या मुळांत आणि नद्यांत उतरते, कुत्र्यांचे पंजे जाळते, म्हणून अनेक जर्मन शहरांत खासगी माणसाला ते टाकायला मनाई आहे. तिथे वाळू-खडीच चालते. आपल्या घरापुढचा फुटपाथ सकाळी साफ करणे हे तिथे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि कोणी पडले तर जबाबदारी त्याच्यावर येते. फिनलंडच्या हवामान खात्याकडून पादचाऱ्यांसाठी निसरडेपणाचा वेगळा इशारा दिला जातो. टोरोंटोच्या एका पुनर्वसन संशोधन संस्थेत बर्फाच्या फरशीची खोली आहे. ती हळूहळू तिरपी होत जाते आणि बूट घातलेला माणूस दोरांच्या आधाराने तिच्यावर चालत राहतो, पाय सटकेपर्यंत. निदान सात अंशांच्या उतारावर टिकावे अशी तिथली पहिली कसोटी. हिवाळी म्हणून विकले जाणारे बहुतेक बूट सुरुवातीच्या चाचण्यांत तीही पार करू शकले नाहीत. न्यूझीलंडच्या डुनेडिनमधल्या उंचसखल गल्ल्यांत २००९ च्या एका अभ्यासात लोकांना बुटांवरून मोजे चढवून चालवले गेले आणि पाय कमी घसरतो असे दिसले. त्याला पुढच्या वर्षी विनोदी संशोधनाचे इग्नोबेल मिळाले खरे, पण ज्या घरी बुटांवर चढवायच्या काट्यांच्या पट्ट्या नाहीत तिथे जुने लोकरी मोजे निघतीलच.

मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या शहरांत बर्फ उतरतो आणि हिवाळाभर टाकलेली खडी उघडी पडते. हेलसिंकीत, स्टॉकहोममध्ये ती झाडून नेणाऱ्या गाड्या फिरू लागतात, रस्त्यावर धूळ उडते. फुटपाथ कोरडा असतो, ऊन असते. तरी आठवडाभर लोकांची पावले आखूडच पडत राहतात, आणि कोपऱ्यावर, जिथे जानेवारीत बर्फ होता, तिथे पाय अजून सपाट टेकतो.